मोफत खेळाचा हिशेब उघडा करा

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली



पनवेल हे हार्बर मार्गावरचे शेवटचे स्थानक आहे. मुंबईहून निघालेली लोकल इथे पोहोचायला जवळजवळ दीड तास घेते, आणि आयपीएलच्या दिवसांत साडेसातचा सामना सुरू होतो तेव्हा कामावरून परतणारी माणसे नेमकी याच गाडीत असतात. त्यांच्या फोनवर सामन्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट चाललेली असते. पडद्याच्या खालच्या भागात प्रश्न उगवतो: पुढच्या षटकात किती धावा? शून्य ते पाच, सहा ते नऊ, दहा ते तेरा, की चौदाच्या वर? शेजारी मागे मोजत जाणारे सेकंद, वर बक्षिसाचा आकडा आणि त्याखाली ठसठशीत अक्षरांत ‘प्रवेश मोफत’. बोट टेकवले की पुढचा प्रश्न. अशा अंदाज लावण्याच्या मोफत प्रश्नमंजूषांबद्दल हे पत्र आहे. त्या बंद करा, अशी माझी मागणी नाही. किती जण खेळले, किती जिंकले, किती पैसे खरोखर वाटले गेले आणि ते कोणाच्या खिशातून आले, हे खेळणाऱ्याला कळायला हवे आणि ते कळवणे कंपनीवर बंधनकारक हवे, एवढेच मला मांडायचे आहे. ते करण्याचे अधिकार आपल्या प्राधिकरणाकडे आज आहेत, त्यासाठी नवा कायदा लागत नाही, असे माझे मत आहे. त्याची कारणे खाली देतो.

हा विषय आत्ताच निकडीचा का झाला, ते आधी सांगतो. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगसंबंधीचे विधेयक मंजूर केले आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांत दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक मिळून वीस हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारी अंदाज त्या वेळी पुढे आला होता. कायद्याने कौशल्य की नशीब हा जुना वाद बाजूला ठेवला आणि एकच कसोटी लावली: खेळणाऱ्याने जिंकण्याच्या आशेने शुल्क, पैसे किंवा पैशांच्या तोलाचे काही लावले का? लावले असेल तर तो ‘पैशांचा खेळ’, आणि तो चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षे कैद आणि पन्नास लाख दंड होऊ शकतो. परिणाम ताबडतोब दिसला. ड्रीम इलेव्हनने रोख स्पर्धा थांबवल्या आणि भारतीय संघाच्या जर्सीवरून तिचे नाव उतरले. एखाद्या घटनेच्या ‘हो’-‘नाही’वर पैसे लावायला देणाऱ्या प्रोबोनेही आपला तो व्यवहार बंद केला. अशा मंचांविषयी सेबीने एप्रिल २०२५ मध्येच गुंतवणूकदारांना सावध केले होते. हे सगळे चांगले झाले. घराघरांतून पैसा ओढून नेणारे यंत्र थांबले, याचे मोल मी कमी लेखत नाही. पण कसोटी एकच असली की तिच्या पलीकडची बाजू आपोआप निर्दोष ठरते. प्रवेश शुल्क शून्य केले की खेळ बंदीच्या कक्षेबाहेर. बाकी सगळे तसेच ठेवता येते: प्रश्न, घड्याळ, गुणतक्ता, वॉलेट, बक्षीस. शिवाय पैज नसलेल्या खेळांना वर्गणी किंवा एकदाच घ्यायचे शुल्क आकारण्याची मुभाही याच कायद्यात आहे. कोट्यवधी खेळणाऱ्यांची सवय ज्यांनी वर्षानुवर्षे मेहनतीने घडवली, ते ती सवय वाऱ्यावर सोडून देतील, असे मानायला काही आधार नाही.

मोफत अंदाजस्पर्धेची कल्पना तशी नवी नाही. २०१८ साली आपल्याकडे लोको आणि ब्रेनबाझी या थेट प्रश्नमंजूषांनी धुमाकूळ घातला होता. ठरलेल्या वेळी सूत्रसंचालक पडद्यावर यायचा, प्रश्न विचारायचा आणि शेवटपर्यंत टिकलेल्यांत बक्षीस वाटले जायचे. ज्या अमेरिकन ‘एचक्यू ट्रिव्हिया’वरून ही लाट आली, तिला पैसा पुरवणारे मागे हटताच फेब्रुवारी २०२० मध्ये दुकान आवरावे लागले. लोकोही पुढे प्रश्नमंजूषा सोडून व्हिडिओ गेमच्या थेट प्रक्षेपणाकडे वळली. नुसती फुकट बक्षिसे वाटत कोणी फार काळ जगत नाही, हा त्यातला धडा. जे टिकते, ते कशाच्या तरी आधाराने टिकते. कुठे तो आधार मोबाइल कंपनीचा किंवा प्रक्षेपण कंपनीचा असतो: २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमाने ‘जीतो धन धना धन’ ही मोफत अंदाजस्पर्धा चालवली आणि तीत मोटारी दिल्या, कारण प्रेक्षक पडद्याला खिळून राहणे हेच त्यांच्या धंद्याचे भांडवल होते. कुठे तो आधार उघडउघड सट्ट्याचा असतो. ब्रिटनमध्ये सहा फुटबॉल सामन्यांचे अचूक गुणफलक सांगा आणि अडीच लाख पौंड जिंका, अशी ‘सुपर सिक्स’ नावाची मोफत स्पर्धा वर्षानुवर्षे चालत आली आहे, आणि ती चालवणारी कंपनी पैजा घेणारी आहे. तिथे ते नाते निदान लपवलेले नाही. आपल्याकडे मोफत खेळामागे कोण उभे आहे, हे बहुतेक वेळा खेळणाऱ्याला कळतच नाही.

आता आकडेमोड, कारण या विषयातले बरेचसे सत्य साध्या गुणाकारात सापडते. धरा, एका स्पर्धेत ‘हो’ किंवा ‘नाही’ उत्तराचे दहा प्रश्न आहेत आणि दहाही बरोबर आणणाऱ्यांत दहा हजार रुपये वाटायचे आहेत. डोळे मिटून उत्तरे दिली तर दहाही बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. पाच लाख माणसे खेळली तर नुसत्या नशिबावर सुमारे ४८८ जण जिंकतील आणि प्रत्येकाच्या वाट्याला वीस रुपये येतील. जाहिरातीतला आकडा मात्र दहा हजारांचाच असतो. तो खोटा नाही, पण खेळणाऱ्याच्या मनात त्याचे जे चित्र उभे राहते ते खरे नाही. दुसरे उदाहरण: एक लाखाचे बक्षीस आणि दहा लाख खेळाडू. सरासरी वाटा डोई दहा पैसे. प्रत्येकाने दहा मिनिटे दिली तर मिळून एक कोटी मिनिटे होतात, म्हणजे एक लाख सहासष्ट हजार तासांहून अधिक, म्हणजे एका माणसाच्या आयुष्यातली रात्रंदिवस धरून एकोणीस वर्षे. आयोजकाला माणसांचे लक्ष तासाला साठ पैसे या दराने मिळाले. या दराने जाहिरातीची जागा विकायला कोणते वर्तमानपत्र किंवा कोणती वाहिनी तयार होईल? हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत, कारण खरे आकडे फक्त कंपनीकडे असतात. खेळणाऱ्याला हा गुणाकार मांडण्याची सोयच ठेवलेली नाही, आणि माझी पहिली तक्रार तीच आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे नशीब नाही, खेळाचे ज्ञान आहे, ज्याला क्रिकेट कळते तो जिंकतो. हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. पनवेल, उरण, अलिबागच्या पट्ट्यात क्रिकेट कळणाऱ्यांची वाण नाही. इथल्या गावोगावच्या मैदानांवर टेनिस चेंडूच्या स्पर्धा भरतात, तेव्हा कोणता गोलंदाज शेवटच्या षटकात यॉर्कर टाकेल, हे कुंपणावर बसलेला पोरगाही सांगतो. या ज्ञानाचा मला आदर आहे. पण अंदाजस्पर्धेत त्याचे काय होते ते पाहा. समजा जाणकाराचा प्रत्येक ‘हो’-‘नाही’ शंभरात साठ वेळा बरोबर येतो, आणि पुढच्या षटकातल्या धावांसारख्या प्रश्नात हे प्रमाण फार मोठे म्हणायला हवे. तरीही दहाच्या दहा बरोबर येण्याची शक्यता १६५ मध्ये एक. म्हणजे अंधारात बोट टेकवणाऱ्याच्या सहापट बरी, आणि तरीही दर १६५ सामन्यांत सुमारे १६४ वेळा रिकामा हात. बरे, सगळेच पाच लाख खेळाडू इतके जाणकार असले तर विजेते तीन हजारांवर जातील आणि दहा हजारांचा वाटा प्रत्येकी तीन-सव्वातीन रुपयांवर येईल. ज्ञान वाढले की वाटा घटतो. बरोबरी झाली की बऱ्याच ठिकाणी ‘सर्वांत जलद उत्तर’ हा निकष लागतो, आणि मग क्रिकेट बाजूला राहून कोणाचा फोन महागाचा आणि कोणाचे नेटवर्क चांगले, यावर निकाल लागतो. कौशल्य असल्याचे श्रेय खेळणाऱ्याला द्यायचे आणि त्या कौशल्याची किंमत मात्र अशा मांडणीने शून्यावर आणायची, हा त्याच्या ज्ञानाचा सन्मान नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खिशातून काहीच जात नाही, तर नुकसान कसले? जाते, पण नोटांच्या रूपात जात नाही. नाव, मोबाइल क्रमांक, जन्मतारीख, ठिकाण, फोनमधली संपर्कयादी, आणि बक्षीस काढायची वेळ आली की पॅन आणि बँक खाते. जिंकलेले वीस रुपये वॉलेटमध्ये दिसतात, पण ठरावीक रक्कम साठल्याशिवाय काढता येत नाहीत, म्हणून माणूस खेळत राहतो. मित्राला जोडले की जादा गुण, जाहिरात पूर्ण पाहिली की हुकलेल्या प्रश्नाला दुसरी संधी, सलग सात दिवस आलात तर बोनस आणि एक दिवस चुकला तर साठलेले गेले. यांतल्या बऱ्याच युक्त्यांचे वर्णन आपल्याच प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कुठल्या ना कुठल्या नावाने केलेले आहे. त्या तेरा फसव्या रचनांच्या यादीत खोटी घाई आहे, सक्तीची कृती आहे, वारंवार टोचणे आहे, एक दाखवून दुसरे हाती देणे आहे, जाहिरात वेगळ्याच रूपात समोर आणणे आहे. कोणत्या ॲपमध्ये त्यांतल्या किती आहेत, हे तपासण्याचे साधन आपल्याकडे आहे. आणि यापलीकडचे नुकसान सवयीचे. दर षटकाला अंदाज बांधायचा, निकालाची वाट पाहायची, चुकला तर पुढच्या षटकात भरून काढायचा, हा क्रम हाताला आणि मनाला एकदा बसला की त्यात पैसे घालणे ही एकच पायरी उरते. सट्टेबाजांचे परदेशी मंच आणि त्यांचे टेलिग्रामवरचे गट त्या पायरीवरच उभे असतात. महादेवसह बावीस बेकायदा सट्ट्याच्या ॲप आणि संकेतस्थळांवर केंद्राला नोव्हेंबर २०२३ मध्ये बंदी घालावी लागली होती. बातम्यांच्या संकेतस्थळाच्या आडून सट्ट्याची जाहिरात होते, हे माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०२२ मध्येच बजावले होते, आणि आपण स्वतः मार्च २०२४ मध्ये जुगाराच्या जाहिरातींविरुद्ध सूचना काढली. बातमीचा आडोसा घेता येत असेल, तर मोफत प्रश्नमंजूषेचा का नाही घेता येणार? प्रत्येक मोफत खेळामागे सट्टा आहे, असे मी म्हणत नाही. कोणामागे आहे आणि कोणामागे नाही, हे बाहेरून ओळखता येत नाही, ही अडचण आहे. त्यात प्रामाणिक आयोजकाचेही नुकसान आहे.

या प्रश्नाला मुंबई इलाख्यात एक जुना पूर्वज आहे, आणि त्याची आठवण इथे उपयोगी पडेल. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचे मोठे पीक आले होते. मुंबई सरकारने १९४८ मध्ये लॉटरी आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण व कर आणणारा कायदा केला, आणि त्यात भविष्यातल्या घटनेच्या निकालाचे भाकीत मागणाऱ्या स्पर्धाही नाव घेऊन धरल्या. तेव्हा काही आयोजक राज्याच्या सीमेबाहेर गेले. आर. एम. डी. चमारबागवाला यांची शब्दकोडी बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ साप्ताहिकात छापली जात, आणि ती सोडवणारे हजारो लोक मुंबई राज्यात असत. म्हणून १९५२ मध्ये कायदा सुधारून बाहेर छापल्या जाणाऱ्या नियतकालिकांनाही त्याखाली आणले गेले. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि एप्रिल १९५७ मध्ये न्यायालयाने राज्याची बाजू मान्य केली. एकाहून अधिक शब्द चपखल बसतील असे कोडे घालायचे आणि त्यातला एक आधीच ‘बरोबर’ ठरवून ठेवायचा, यात कौशल्याचा आव असला तरी गाभा जुगाराचा आहे आणि जुगाराला व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असा त्या निकालाचा आशय. त्याच सुमारास संसदेने १९५५ चा बक्षीस स्पर्धा कायदा केला. त्यातला तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याने महिन्याला एक हजार रुपयांची बक्षीसमर्यादा घातली, एका स्पर्धेला जास्तीत जास्त दोन हजार प्रवेशिका ठरवल्या, परवाना सक्तीचा केला आणि परवानाधारकाला हिशेब ठेवून तो सादर करायला लावले. किती प्रवेशिका आल्या आणि किती बक्षीस गेले, हा आकडा सत्तर वर्षांपूर्वी, सगळे काम हाताने लिहून चालायचे तेव्हा, सरकारला मागता येत होता. आज प्रत्येक बोटाची नोंद आपोआप होते, तरी तो मागितला जात नाही.

त्या खटल्यात प्रवेशिकेला पैसे पडत होते, इथे पडत नाहीत, हा फरक मला मान्य आहे. म्हणून दुसरा, अलीकडचा खटला पाहू, कारण तो थेट आपल्या कायद्याखालचा आहे. २००७ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’च्या प्रेक्षकांसाठी ‘हर सीट हॉट सीट’ ही स्पर्धा चालली. प्रश्नाचे उत्तर एसएमएसने पाठवायचे, एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे, आणि बरोबर उत्तर देणाऱ्यांतून एकाला दोन लाखांचे बक्षीस. भाग घ्यायला वेगळे शुल्क नव्हते, पण महागडा एसएमएस हाच प्रवेश होता. सोसायटी ऑफ कॅटलिस्ट्स या ग्राहक संघटनेने तक्रार केली, आणि २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने स्टार इंडिया आणि एअरटेलवर अनुचित व्यापारी प्रथेचा ठपका ठेवून एक कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई ठोठावली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो आदेश रद्द केला. बक्षिसाचा पैसा एसएमएसच्या उत्पन्नातूनच आला, असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही, हे त्यामागचे मुख्य कारण होते. न्यायालयाला पुराव्यावरच निर्णय द्यावा लागतो, त्यावर माझे काही म्हणणे नाही. पण तो पुरावा होता कोणाकडे? वाटपाचा हिशेब कंपन्यांच्या दप्तरी आणि सिद्ध करण्याचा भार ग्राहक संघटनेवर. अकरा-बारा वर्षे लढून शेवटी प्रकरण ज्या दारापाशी अडले, ते दार स्पर्धा संपल्यावर आठवड्याभरात एक पानभर हिशेब जाहीर करण्याच्या नियमाने पहिल्याच दिवशी उघडले असते.

आता आपल्या हातातला कायदा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २ च्या उपकलम ४७ मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे, आणि तिचा एक भाग या विषयासाठीच लिहिल्यासारखा आहे. एकूण व्यवहारात ज्याची किंमत वसूल होते ते मोफत दिल्याचा आभास निर्माण करणे, ही अनुचित प्रथा. एखाद्या मालाच्या किंवा व्यवसायाच्या हिताला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष चालना देण्यासाठी स्पर्धा, लॉटरी, नशिबाचा किंवा कौशल्याचा खेळ घेणे, हीही अनुचित प्रथा, नियमांनी विहित केलेल्या स्पर्धा तेवढ्या वगळून. आणि मोफत बक्षिसांच्या योजनेचा अंतिम निकाल योजना संपल्यावर सहभागी झालेल्यांपासून दडवणे, हीदेखील. या शेवटच्या कलमाला जोडलेले स्पष्टीकरण असे आहे की, ज्या वर्तमानपत्रात योजनेची जाहिरात आली त्याच वर्तमानपत्रात, वाजवी मुदतीत, ठळकपणे निकाल छापला, तर तो सहभागींना कळवला असे मानले जाईल. हे स्पष्टीकरण वर्तमानपत्रांच्या काळातले आहे, पण त्यामागचे तत्त्व सरळ आहे: ज्या जागी आमिष दाखवले, त्याच जागी निकाल दाखवा. मोबाइलच्या काळात ती जागा म्हणजे ॲपचा तोच पडदा, जिथे बक्षिसाचा आकडा झळकत होता. तिथे निकालाऐवजी पुढच्या स्पर्धेचे बटण येते आणि विजेत्यांची यादी असलीच तर चार पाने आत, अर्धवट नावांच्या रूपात. सहभागी किती, पात्र किती, वाटलेली रक्कम किती, हे तिथे शोधून सापडणे कठीण.

कायद्याचे जाणकार इथे अडवतील: ग्राहक म्हणजे मोबदला देऊन माल किंवा सेवा घेणारा, जो काही देत नाही तो ग्राहक कसा? वैयक्तिक तक्रारीत हा मुद्दा अडचणीचा ठरू शकेल, हे मला मान्य आहे. पण २०१९ च्या कायद्याने आपले प्राधिकरण निर्माण केले ते एकेका तक्रारीसाठी नाही. ग्राहकांचा वर्ग म्हणून विचार करून अनुचित प्रथा रोखणे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना पायबंद घालणे, ही कामे कायद्याने आपल्यावर सोपवली आहेत, आणि एकाही माणसाने अर्ज न करता आपण स्वतःहून चौकशी करू शकता. अनुचित प्रथेच्या व्याख्येत मोफत बक्षीसयोजनांचा उल्लेख संसदेने केला, तो मोफत भाग घेणाऱ्यांचा विचार करूनच. ‘मोफत’ म्हणून जाहिरात कधी करता येते आणि कधी नाही, याचे निकष आपण जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत घातले आहेत. त्यांत आमिषाच्या जाहिरातींवरही मर्यादा आहेत आणि मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींवरही. मुलांचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतो. पैशांच्या खेळाला निदान वय आणि ओळख तपासण्याची गरज भासत असे, कारण पैसे खात्यातून जात. मोफत खेळात ‘मी अठरा वर्षांचा आहे’ या चौकोनावर बोट ठेवले की झाले. पनवेलजवळच्या खांदा कॉलनीत किंवा कामोठ्यात संध्याकाळी आई-वडील कामावरून परतायच्या आत आठवी-नववीतला मुलगा घरच्या फोनवर पंधरा सामन्यांचे अंदाज बांधू शकतो, आणि त्याच्या सवयीची पूर्ण नोंद कोणाकडे तरी जमा होते. वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा मुलांचा असा माग काढण्याला मनाई करतो, पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी अमलात यायला त्यापुढे दीड वर्षाची मुदत आहे. तोवर किती हंगाम जातील?

आणखी एक आक्षेप रोजगाराचा. ऑगस्ट २०२५ नंतर गेमिंग कंपन्यांत नोकऱ्या गेल्या; आता मोफत खेळांवरही बडगा उगारलात तर उरलेल्याही जातील. ही काळजी खोटी नाही. या कंपन्यांत काम करणारे कितीतरी अभियंते, रचनाकार मुंबई-पुण्यातलेच आहेत. पण हिशेब जाहीर करायला माणसे कमी करावी लागत नाहीत. ज्या यंत्रणेत प्रत्येक उत्तराची वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत नोंदवलेली असते, तिला स्पर्धा संपताच तीन ओळींचा गोषवारा काढणे जड नाही. जी कंपनी प्रामाणिकपणे प्रायोजकांच्या पैशातून बक्षिसे देते, तिला हा गोषवारा म्हणजे उत्तम जाहिरात ठरेल. ऑनलाइन खेळांसाठी वेगळे प्राधिकरण स्थापण्याची तरतूद नव्या कायद्यात असताना हे काम आपल्याकडे कशाला, असेही विचारले जाईल. ते प्राधिकरण कोणता खेळ पैशांचा आणि कोणता नाही, हे ठरवील. मोफत म्हणून सांगितलेली गोष्ट मोफत आहे का आणि दाखवलेले बक्षीस मिळते का, हा प्रश्न खेळाच्या वर्गवारीचा नाही, व्यवहारातल्या सचोटीचा आहे, आणि तो ग्राहक कायद्याचाच राहतो. दोघांनी मिळून केले तर उत्तमच.

तेव्हा माझी विनंती नेमकी अशी. आयपीएलचा पुढचा हंगाम सुरू होण्याआधी आपण एक सूचना काढावी की रोख किंवा मोलाचे बक्षीस देणाऱ्या प्रत्येक मोफत अंदाजस्पर्धेच्या प्रवेशाच्याच पडद्यावर, बक्षिसाच्या आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरांत, मागच्या अशाच स्पर्धेत किती जण उतरले, किती जिंकले आणि एका विजेत्याला सरासरी किती मिळाले, हे मराठीसह भारतीय भाषांत लिहिलेले असावे. बक्षिसाचा पैसा कोण देतो आणि सट्ट्याशी किंवा परदेशी मंचाशी त्याचा संबंध नाही, हे आयोजकाने लेखी सांगावे. ते खोटे निघाले तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंतचा आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंतचा जो दंड कायद्यात आहे तो लावावा. जिंकलेली रक्कम कितीही लहान असो, ती काढायला किमान मर्यादा नसावी. संपर्कयादी मागू नये. बरोबरी झाली तर जलद उत्तराऐवजी समान वाटप किंवा साक्षीने काढलेली सोडत असावी. अनुचित व्यापारी प्रथेतून कोणत्या स्पर्धा वगळायच्या, हे नियमांनी विहित करण्याचा जो अधिकार केंद्राकडे आहे, तो वापरताना या अटी पाळणाऱ्या स्पर्धाच वगळाव्यात, अशी शिफारस आपण ग्राहक व्यवहार खात्याला करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर अशा खेळांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र वर्ग ठेवावा, म्हणजे दहा-वीस रुपयांच्या अडकलेल्या बक्षिसांची तक्रारही मोजली जाईल. एकट्या माणसाला त्या वीस रुपयांसाठी भांडणे परवडत नाही. पाच लाख जणांचे मिळून एक कोटी होतात.

या मागण्यांपैकी कोणती मान्य आहे, कोणती नाही आणि का नाही, याचे जाहीर उत्तर प्राधिकरणाकडून मिळावे, ही अपेक्षा.

आपला,
पनवेल, जि. रायगड येथील एक ग्राहक